सुट्या भागांचं पिस्तूल

साहेबांचं अर्धा किलोचं पितळी वजन माझ्या ऑफिसातल्या टेबलावर आहे. पंखा लावला की कागद उडतात, म्हणून ते मी कागदांवर ठेवते. साहेब गेल्यावर त्यांच्या पत्नीने, काकूंनीच मला ते दिलं. "घरात ठिवलं की सारखं डोळ्यांम्होरं येतं. तुम्ही घेऊन जा," म्हणाल्या. आता ते माझ्या डोळ्यांसमोर असतं. पण काकूंना नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही.

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. मूळचे सोयगावकडचे. घरची कापसाची शेती भावांकडे, हे नोकरीपायी शहरात आले आणि इथलेच झाले. निवृत्त होताना खात्याची वजनं खात्याला परत द्यावी लागली, त्याचं दुःख त्यांना नोकरी सुटल्यापेक्षा जास्त झालं. मग त्यांनी जुन्या बाजारातून हे एक पितळी वजन हुडकून काढलं, ओळखीच्या ठिकाणी तपासून घेतलं आणि विजारीच्या खिशात घालून फिरू लागले. विजार त्या बाजूला कायम ओढलेली. भाजी घ्यायला गेले की आधी वजन काट्यावर. काटा चुकला तर साहेब बोलत काहीच नसत, नुसते भाजीवाल्याकडे बघत उभे राहत. तेवढं पुरायचं. औरंगपुऱ्याच्या मंडईत काही बायका मुद्दाम त्यांच्या पाठोपाठ भाजी घ्यायच्या, माप भरून मिळतं म्हणून. मीही घेतली आहे, खोटं कशाला बोलू!

आमची ओळख मात्र मंडईतली नाही, रेंजवरची. स्टेशनच्या बाजूला एका जुन्या गोडाऊनमध्ये फिरोज नावाचा तरुण कोच एअर पिस्तुलाची रेंज चालवतो. चार लेन, समोर दहा मीटरवर कागदी टार्गेट, वर पत्रे. उन्हाळ्यात आत उभं राहवत नाही. मी विमा कचेरीत काम करते, म्हणजे दिवसभर लोकांच्या मरणाविषयी हसतमुखाने बोलते. त्यानंतर घर. या दोन्हींच्या मध्ये एक तास आपला असावा म्हणून मी तिथे जाऊ लागले. तिथे तासभर कुणी कुणाशी बोलत नाही, हे मला फार आवडलं होतं. साहेब भेटले आणि ते सुख संपलं.

"नवं घेणार का?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी फिरोजने दिलेलं रेंजचं जुनं पिस्तूल वापरत होते.

"हो. बाहेरच्या देशातलं. हप्त्यांवर."

"मंग चार गोष्टींचे पैसे नाहक देणार तुम्ही. डब्याचे, रंगाचे, नावाचे, आन तिकडच्या कुण्या गोऱ्याच्या हाताचे. मूठ त्याच्या हातावर बनवलेली असती, ताई. तुमचा हात कुठंय त्यात? फुकटचा खर्च!"

'फुकटचा खर्च' हा त्यांचा शिक्का होता. खात्याचा शिक्का गेला, हा राहिला. वाढदिवसाचा केक, मोबाइलचं कव्हर, लग्नातले फुगे, सगळ्यावर तोच. विम्यावरही मारला, माझ्या तोंडावर. डॉक्टरांवर तर पहिल्यापासून होता.

त्यांचं स्वतःचं पिस्तूल त्यांनी सुट्या भागांतून उभं केलं होतं. सांगाडा पुण्याच्या एका मुलीचा, लग्न ठरलं म्हणून तिने नेमबाजी सोडली होती. नळी इंदूरच्या व्यापाऱ्याकडून. ट्रिगर नागपूरहून, नेम धरायची साइट कुठल्याशा स्पर्धेत अदलाबदलीत मिळालेली. मूठ शहागंजातल्या एका सुताराकडून शिसवीत कोरून घेतलेली, तीही साहेब स्वतः शेजारी स्टुलावर बसून. सुताराने वैतागून एकदा विचारलं म्हणे, की साहेब, पाट करायचाय का पाळणा, इतकं काय हात फिरवून बघता? अशी सगळी जमवाजमव. पण ते पिस्तूल साहेबांनी हातात धरलं की कुठे हात संपतो आणि कुठे लाकूड सुरू होतं ते कळायचं नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

खर्चाबद्दल त्यांचे नियम पक्के. "जिथं हात लागतो तिथं पैसा सोडावा. मूठ आन ट्रिगर. जिथं लोकायची नजर लागती तिथं एक रुपया नाय. आन छर्रे, कागद, हवा, ह्यात कंजुषी करील तो नेमबाज नाय, त्यानं गोट्या खेळाव्यात." हे सगळं खरंच होतं, अजूनही नव्या पोरांना मी हेच सांगते. सुट्या भागांची गोम मात्र ते सांगत नसत. नवी मूठ जड निघाली की पुढे वजन लावावं लागे. वजन लावलं की तोल बदले, मग साइट बदला. एक भाग मागवला की त्याच्यामागून दुसरा येई, शिवाय कुरिअर, दलाली आणि बाहेरून आला असेल तर कस्टम. फिरोजने एकदा मोबाइलवर सगळ्याची बेरीज केली. दोन कोरी पिस्तुलं आली असती. साहेबांनी मोबाइलकडे पाहिलंही नाही. "बॅटरी जाळू नको. फुकटचा खर्च," म्हणाले.

स्पर्धेत पिस्तूल तपासतात तेव्हा ट्रिगरला अर्धा किलोचं वजन लटकवतात. ट्रिगर न सुटता तेवढं पेललं तर पास. हा नियम कळला त्या दिवशी साहेबांना काय आनंद झाला होता, ते फिरोज अजून सांगतो. जगात आपल्याला शोभेलसा एक तरी खेळ आहे असं त्यांना वाटलं असणार. दर शनिवारी ते आमच्या सगळ्यांच्या पिस्तुलांना खिशातलं वजन आकड्याने लटकवून बघत आणि गंभीरपणे "पास" म्हणत. कॉलेजची पोरं पाठीमागे हसायची. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी तीच पोरं रांगेत उभी राहायची.

एक किस्सा ते पुन्हा पुन्हा सांगत. नोकरीच्या सुरुवातीला सोयगावच्या बाजारात एका व्यापाऱ्याचं आणि एका धनगराचं भांडण जुंपलं होतं. लोकरीचं माप कमी भरलं होतं. धनगर म्हणे तराजू खोटा, व्यापारी म्हणे तू घरून आणलेलं वजन खोटं. साहेब गेले. एका पारड्यात धनगराचं वजन ठेवलं, दुसऱ्यात खात्याचं. काटा कलला. मग त्यांनी दोन्ही वजनांची अदलाबदल केली.

"काहून केली?" साहेब आम्हाला विचारत, आणि आम्ही विसरलो असं दाखवायचं असे. "खोट तराजूची असंल तर ती जागच्या जागी राहती. वजनाची असंल तर वजनासंगं पलीकडच्या पारड्यात जाती. माणूस शंभर शपथा घेईल, अदलाबदल केली की कसूर कोणाचा ते दिसतंय."

"मग कुणाचा होता, साहेब?"

"तराजूचा! तराजूचाच असतो, ताई. सदतीस साल नोकरी केली. धा ठिकाणी गेलं की नऊ ठिकाणी तराजूच खोटा."

ह्या नऊ तराजूंनी त्यांचा घात केला असं मला वाटतं.

कारण साहेबांचा नेम बिघडायला लागला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मुठीवर बोट ठेवलं. उन्हाळ्याच्या घामाने लाकूड फुगलं म्हणाले. सुताराकडे नेऊन ती तासून आणली. आठवडाभर बरे मारले. नवा भाग बसवला की माणूस जपून मारतो, तेवढाच तो फरक. मग पुन्हा छर्रे कागदभर पसरू लागले. ट्रिगर बदलला. पुन्हा आठवडा बरा. मग हवेचा सिलेंडर, मग साइट, मग नळीवरची वजनं. कुरिअरवाला रेंजच्या दारात आला की आम्ही आपापल्या लेनकडे वळायचो. साहेब मात्र खोका उघडताना इतके खूश असत की बघवत नसे.

आम्हाला दिसत होतं. पिस्तूल उचललं की पुढचं टोक हलायचं, आधी थोडं, मग जास्त. इतर गोष्टीही होत्या. चहा बशीत ओतून फुंकर मारत पिणारे साहेब आता उंच ग्लासात अर्धाच चहा घेऊ लागले होते, तोही दोन्ही हातांनी धरून. बटणांचे शर्ट जाऊन टी-शर्ट आले. स्कूटर सोडली. "समोरच्या गाड्यायचा उजेड डोळ्याला लागतो," म्हणाले. तेव्हापासून संध्याकाळी मीच त्यांना माझ्या गाडीवर घरी सोडू लागले. मागे बसून ते एका हाताने दुसरा हात धरून ठेवत. आरशात मला ते दिसायचं आणि मला त्यांचा इतका राग यायचा की गाडी थांबवून ओरडावंसं वाटे.

घराच्या फाटकात काकू उभ्या असत. रोज एकच प्रश्न, "आज काय बदललं?" सुरुवातीला त्यात थट्टा होती. साहेबही ऐटीत सांगत, आज ट्रिगरची स्प्रिंग, आज साइटचं पान. पुढे पुढे काकू ते हळू आवाजात विचारू लागल्या.

एका दुपारी त्या माझ्या कचेरीत आल्या. पॉलिसीचं निमित्त केलं होतं, पण पॉलिसी आणलीच नव्हती. खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"तुमी सांगून बगा ना, ताई. डॉक्टरचं नाव हुडकून ठिवलंय म्या. हाताचाच डॉक्टर हाय, नसांचा. कागद देवाच्या फोटोमागं खोचलाय. दीड वरीस झालं. म्या बोलले की म्हणत्यात, 'माझ्या हाताला काय झालंय? पिस्तुलाची तकलीफ हाय.' आता करमाडचा प्लॉट विकायला काढलाय."

"कशासाठी?"

"नवं पिस्तूल बनवून घ्यायचं म्हणं. परदेशातून. हाताच्या मापाचं." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "प्लॉट जाऊ द्या, ताई. तिथं काय म्या बंगला बांधणार हाय? पण तवर हात जाईल की ओ त्यांचा! लवकर दाखवलं तर गोळ्यांनी थांबतंय म्हणत्यात."

शेंद्र्याच्या कारखान्यांमुळे करमाडच्या जमिनीला भाव आला होता आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. आठवड्यात इसार होणार होता. मी काकूंना चहा पाजला आणि बघते म्हणाले. बघते म्हणजे काय बघणार होते, मला ठाऊक नव्हतं.

फिरोजला सांगितलं. तो पिस्तुलाला तेल लावत होता. मान वर न करता म्हणाला, "मालूम है, ताई. सब कू मालूम है. पन साहेब कू बोलेगा कौन? मेरे कू पिस्तौल पकडना उनोंनेच सिखाया."

साहेबांनी त्या आठवड्यात आपल्या सगळ्या नियमांना हरताळ फासला. ज्या माणसाने मला गोऱ्याच्या हाताचे पैसे देऊ नका म्हणून बजावलं, तो आता तिकडच्याच कारागिराला आपल्या हाताचं माप पाठवणार होता. मूठ, ट्रिगर, नळी, सगळं एकाच ठिकाणी, सगळं त्यांच्यासाठी. "सुट्या भागांत इमान राहत नाय, ताई. प्रत्येक भाग दुसऱ्याचा असतो. म्हणून बिघडतंय." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

माप पाठवायची रीत अशी की कोऱ्या कागदावर पंजा ठेवायचा आणि भोवताली पेन्सिल फिरवायची. शनिवारी संध्याकाळी फिरोजने टेबलावर कागद पसरला. बाकीचे मारून गेले होते, आम्ही तिघेच होतो. साहेबांनी बोटं फाकवून उजवा हात कागदावर ठेवला. फिरोज पेन्सिल फिरवू लागला. अंगठ्यापाशीच रेघ थरथरली. करंगळीपर्यंत आली तेव्हा ती पंजाची रेघ राहिलीच नव्हती, एकाच्या जागी तीन बोटं दिसत होती.

"दुसरा कागद घे," साहेब म्हणाले. "पेन्सिल बोथट हाय."

फिरोजने पेन्सिलला टोक केलं. दुसरा कागद. साहेबांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. रेघ पुन्हा तशीच. फिरोजने पेन्सिल खाली ठेवली आणि भिंतीकडे बघत बसला. कोच असून तो त्या क्षणी शाळेतल्या पोरासारखा घाबरलेला दिसत होता. वर पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज ऐकू येत होता.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग हात कागदावरून उचलला.

"ताई, तुमचं पिस्तूल आणा," ते म्हणाले.

मला लगेच कळलं. सोयगावची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती.

"साहेब, उशीर झालाय. सोमवारी बघू."

"आणा. आन माझं तुम्ही घ्या. पाच-पाच मारू." मग माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाले, "ताई, इमानानं मारा. माझ्यावर दया करायची नाय."

त्यांनी ते म्हटलं नसतं तर मी चुकवलं असतं का, मला माहीत नाही. मनात तर तेच होतं. पाच छर्रे इकडेतिकडे फेकायचे, पिस्तूलच वाईट म्हणायचं, जाऊ द्यायचा करमाडचा प्लॉट. पण त्यांनी इमानाची शपथ घातली होती, आणि काकूंचा तो चष्मा पुसणारा पदर मला दिसत होता. मी पिस्तूल उचललं. मूठ माझ्या हाताला मोठी होती, बोटं नीट पोचत नव्हती. तरीही काय सुंदर तोल होता त्याचा! ट्रिगर कधी सुटला ते कळायचंही नाही. पाच मारले आणि शेजारच्या लेनकडे मुळीच बघितलं नाही.

फिरोजने दोन्ही कागद ओढून आणले. साइट साहेबांच्या डोळ्याला लावलेली, त्यामुळे माझे पाचही थोडे खाली डावीकडे गेले होते, पण एकाला एक चिकटून. वर पाच रुपयांचं नाणं ठेवलं असतं तर झाकले गेले असते. माझ्या रोजच्या पिस्तुलाने साहेबांनी मारलेल्यांपैकी दोन तर काळ्या वर्तुळाच्या बाहेर होते. बाकीचे तिन्ही वेगवेगळ्या दिशांना.

साहेबांनी चष्मा लावून दोन्ही कागद तपासले, खात्यात तपासत असतील तसेच. घाई नाही. मग खिशातून पितळी वजन काढलं आणि आपल्या पिस्तुलाच्या ट्रिगरला अडकवायला गेले. आकडा ट्रिगरला लागेना. दोनदा निसटला. त्यांनी वजन माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुम्ही लटकवा."

मी लटकवलं. ट्रिगरने पेललं.

"पास," साहेब म्हणाले. "काही कसूर नाय त्याचा. दीड साल उगाच दोष दिला बिचाऱ्याला."

फिरोज बाहेर निघून गेला. मी त्या वेळी रडले नाही, रडायला लाज वाटली. साहेबांनी पंजाचे कागद चारदा दुमडून कचऱ्याच्या डब्यात टाकले, पिस्तूल पुसून पेटीत ठेवलं, आणि पेटी मला उचलायला सांगितली. आजवर त्यांनी ती कुणाला उचलू दिली नव्हती.

मी त्यांना घरी सोडलं. फाटकात काकू उभ्या होत्या. पेटी माझ्या हातात बघून त्या घाबरल्या असाव्यात, पण सवयीने विचारलंच, "आज काय बदललं?"

"काय नाय बदललं," साहेब म्हणाले. "बदलायचं काही राह्यलं नाय आता त्यात." आणि उजवा हात त्यांनी काकूंसमोर धरला. तो हलत होता आणि या वेळी त्यांनी दुसऱ्या हाताने तो धरला नाही. "फोटोमागचा कागद काढ. सोमवारी जाऊ."

दीड वर्ष काकू ह्याच वाक्याची वाट बघत होत्या. मला वाटलं त्या हात जोडतील, देवाचं नाव घेतील. त्यांनी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांचा तो हलणारा हात आपल्या दोन्ही हातांत गच्च धरला आणि त्यांचा बांध फुटला.

"असं नगा ओ बोलू," त्या रडत म्हणाल्या. "डॉक्टरकडं जाऊ, पण तुमी खेळ नगा सोडू. करमाडचं विकून टाका. नवं पिस्तूल घ्या. चांगलं, अख्खं, कोरं घ्या."

साहेबांनी मान हलवली.

"फुकटचा खर्च," ते म्हणाले.